आजारी शेजाऱ्यासाठी मदतीच्या पाळ्या कशा लावायच्या

"काही लागलं तर सांगा हं, अजिबात संकोच करू नका." ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय, की आता त्याचा राग येतो. कारण सांगत कोणीच नाही. बायपास झालेला माणूस किंवा तीन रात्री धड न झोपलेली त्याची बायको शेजारी फोन करून "आमचा ओला कचरा खाली न्याल का?" असं जन्मात विचारणार नाही.

पहिल्या खेपेला आम्ही काय घोळ घातला तो आधी सांगते. तिसऱ्या मजल्यावरचे काका ऑपरेशन होऊन घरी आले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पडली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे नऊ डबे पोचले. त्यातल्या चारांत मुगाची खिचडी. काकू रात्री अकरापर्यंत लोकांचे डबे घासत होत्या. रविवारी हॉलमध्ये एका वेळी तेरा माणसं, आणि काका लुंगी सावरत उठून बसलेले. पाचव्या आठवड्यात त्यांना तपासणीला न्यायचं होतं, मुलगा परगावी, तेव्हा काकू गेटवर एकट्या रिक्षा शोधत उभ्या होत्या. आम्हाला हे वॉचमनकडून कळलं.

इच्छा सगळ्यांची होती, पण कोणी कधी काय करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. नंतर पाच घरांसाठी आम्ही ते नीट बसवलं. ऑपरेशन, पक्षाघात, केमोथेरपी, मोडलेलं हाड, सगळ्याला क्रम तोच लागतो. मनाच्या आजाराला थोडा बदल करावा लागतो, तो पुढे लिहिला आहे.

## पायरी १: आधी विचारा, आणि आजारी माणसालाच विचारा

आपण मुलाला किंवा सुनेला विचारतो आणि परवानगी मिळाली असं धरून चालतो. ते चूक आहे. माणूस शुद्धीवर असेल, बोलू शकत असेल तर त्याचा होकार हवा, आणि त्याची काळजी घेणाऱ्याचाही. दोन्ही "हो" मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विचारायला दोघांनी जावं, त्यात एक जण त्या घराशी आधीपासून घरोबा असलेला. ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये हा विषय काढू नये. घरी आल्यानंतर दोन दिवसांनी, दुपारची झोप झाल्यावर, दहा मिनिटं. "आम्ही सहा-सात जण आठवड्याची थोडी कामं वाटून घेणार आहोत. तुम्हाला चालेल ना? कोणती नकोत?" एवढंच विचारा. "नकोत" हा शब्द मुद्दाम वापरा. काय हवंय ते सांगायला लोक लाजतात, काय नको ते पटकन सांगतात. एका आजींनी आम्हाला ठणकावून सांगितलं होतं: "स्वयंपाकघरात कोणी शिरायचं नाही. बाकी काय ते करा."

मग तिसरा प्रश्न: इमारतीत काय सांगायचं? आजाराचं नाव सांगायचं की नुसतं "तब्येत बरी नाही, महिनाभर विश्रांती" एवढंच? जे वाक्य घरचे ठरवतील ते शब्दशः लिहून घ्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगा.

थांबा: घरच्यांनी "नको" म्हटलं तर पंधरा दिवसांनी एकदाच पुन्हा विचारा. त्याच्या पलीकडे गळ घालू नका.

## पायरी २: दोन टोकांना दोन माणसं

एक माणूस घराकडून, एक इमारतीकडून. सगळे निरोप या दोघांमधूनच जायचे. घराकडचा माणूस रात्रंदिवस रुग्णाजवळ असणारा नसावा. त्याला फोनच्या कटकटीतूनच तर सोडवायचं आहे. परगावी असलेली मुलगी हे काम फार चांगलं करते. तिला लांब असल्याची रुखरुख असते आणि फोनवरून करता येण्यासारखं हे नेमकं काम आहे.

इमारतीकडचा माणूस चेअरमन किंवा सेक्रेटरी असलाच पाहिजे असं नाही. माझ्या मते नसलेलाच बरा, नाहीतर मदतीत पार्किंगचं राजकारण शिरतं. ज्याच्याकडे वही आहे आणि जो वहीत लिहितो, असा माणूस निवडा. त्याच्या हाताशी दुसरा एक बदली ठेवा, कारण पहिलाही आजारी पडू शकतो.

## पायरी ३: कामांची यादी, बारीकसारीक

इथे अर्धा तास घालवा. "मदत" असं लिहून ठेवलं तर कोणी करत नाही, "सोमवारी सकाळी साडेसातला दूध आणि ओला कचरा" लिहिलं तर होतं. घरच्यांबरोबर बसून मागच्या आठवड्यातला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आठवायला सांगा. त्यातूनच यादी निघते.

आमच्या याद्यांमध्ये साधारण हे असतं: दूध-भाजी, ओला-सुका कचरा, केमिस्टकडून औषधं, स्कूलबसपर्यंत मुलाला सोडणं, तपासणीला सोबत, मेडिक्लेमच्या कागदांच्या झेरॉक्स, रात्री हॉलमध्ये झोपायला एक माणूस. पालिकेच्या रुग्णालयात जायचं असेल, आपल्याकडे बऱ्याच जणांना कळव्याला जावं लागतं, तर एकाने लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने रुग्णाला मागाहून आणायचं. ही दोन कामं आहेत, यादीत दोन ओळींत लिहा. घोडबंदर रोडकडून यायचं असेल तर एक तास हातचा धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी हेसुद्धा एक काम म्हणून लिहा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटायचं. पण हे दाखल होतानाच करायचं असतं. घरी आल्यावर बिल घेऊन गेलं तर उपयोग होत नाही.

आता जे काम यादीत कोणी लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त लागतं ते: काळजी घेणाऱ्या माणसाची दोन तासांची सुट्टी. आठवड्यातून दोनदा कोणीतरी येऊन रुग्णाजवळ बसायचं आणि त्या बाईने किंवा बुवाने घराबाहेर पडायचं. बँकेची कामं उरकायला पाठवू नका. तलावपाळीला फेरी मारू दे, बहिणीकडे जाऊन झोपू दे. एक काकू सुट्टीच्या पहिल्या दिवशी खालच्या बाकावर जाऊन नुसत्या बसल्या होत्या, पाऊण तास. दुसऱ्या वेळी गोखले रोडला जाऊन साडीला फॉल लावायला टाकून आल्या आणि परत आल्यावर ते तीनदा सांगितलं.

तपासा: यादीतलं प्रत्येक काम अनोळखी माणसालाही वाचून करता येईल इतकं स्पष्ट आहे का? कोणतं औषध, कोणत्या केमिस्टकडून, पैसे कोण देणार?

थांबा: ही कामं शेजाऱ्यांची नाहीत: गोळ्यांची मात्रा बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, रिपोर्ट वाचून अर्थ सांगणं. "माझ्याकडे याच गोळ्या उरल्यात" हे तर मुळीच नाही.

## पायरी ४: माणसं गोळा करा, पण ग्रुपवर नको

"कोण कोण मदत करू शकेल?" असा मेसेज टाकला की बावीस अंगठे येतात आणि मंगळवारी कोणी येत नाही. एकेकाला फोन करा, आणि दिवस-वेळ धरूनच विचारा: "तुला दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता डबा द्यायला जमेल का? चार आठवडे." नाही म्हणायलाही सोपं, हो म्हणायलाही सोपं.

सहा ते आठ जण पुरतात. प्रत्येकाला आठवड्यात एकच काम. जे सकाळी लोकल पकडून रात्री परततात त्यांना रात्री हॉलमध्ये झोपायची पाळी द्या. घरून काम करणारी एखादी मुलगी असते, तिच्या गळ्यात सगळं पडतं कारण "ती घरीच असते ना". ती घरी असते म्हणजे मोकळी नसते. तिलाही एकच काम.

कॉलेजच्या पोरांना विसरू नका. मोबाईलवरून ओपीडीची वेळ घेणं, रिक्षा बोलावणं, सामान चढवणं यात ती आपल्यापेक्षा कितीतरी पटाईत असतात. आणि नवीन राहायला आलेलं, कोणाशी फारशी ओळख नसलेलं एक कुटुंब आवर्जून धरा.

## पायरी ५: पाळीचा कागद

ॲप-बीप करून पाहिलं. आजोबांना उघडता येत नाही आणि आजींचा चष्मा सापडत नाही. शेवटी कागदावर आलो. एक घराच्या फ्रिजवर, एक समन्वय करणाऱ्याच्या वहीत. आमचा एक कागद असा होता:

सोमवार, सकाळी ७.३०: दूध, ओला कचरा (५०२)
मंगळवार, संध्या. ७: डबा, तीन पोळ्या, दुधीची भाजी, कमी मिठाचं वरण (२०४)
बुधवार, दुपारी ४ ते ६: काकांजवळ बसणं, काकूंची सुट्टी (३०१)
गुरुवार, संध्या. ७: डबा (६०३)
शुक्रवार, सकाळी ९.३०: तपासणीला सोबत, फाईल आणि जुने रिपोर्ट घेणे (१०२)
शनिवार, दुपारी ४ ते ६: काकूंची सुट्टी (४०४)
रविवार: कोणी नाही

रविवार मोकळा ठेवणं महत्त्वाचं आहे. घराला एक दिवस तरी दार लोटून, गाऊनमध्ये, न विंचरता बसता आलं पाहिजे.

आता आठवड्यांचा हिशोब. पहिल्या आठवड्यात नातेवाईक असतात, रजा काढलेला मुलगा असतो, म्हणून तुमची माणसं कमी वापरा. तिसऱ्या आठवड्यात मुलगा परत जातो, मावशीही जाते. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत तुमचा जोर हवा. आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. ज्यांना पहिल्याच दिवशी धावायचं असतं त्यांना सांगा, तुझा नंबर चौथ्या आठवड्यात आहे. थोडी नाराज होतात, होऊ द्या.

### डब्याबद्दल चार गोष्टी

डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आधी मागून घ्या. मीठ कमी, साखर बंद, मऊ अन्न, काय ते. केमोथेरपी चालू असेल तर ताजं, पूर्ण शिजवलेलं आणि गरमच अन्न द्या. कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी नको, कारण त्या काळात संसर्ग पटकन होतो.

डबा लहान द्या. आपल्याकडे प्रेम मापाने मोजतात, आणि आजारी माणसाला भरलेला डबा बघूनच दडपण येतं.

डब्यावर फ्लॅट नंबरची चिकटपट्टी लावा.

आणि रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत इथे मोडा. हे तोंडाने, स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर काकू दुखऱ्या गुडघ्यांनी उभ्या राहून तुमच्या डब्यात घालायला रव्याचे लाडू वळतात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डबा रिकामा, न घासता, दाराबाहेरच्या पिशवीत. पुढच्या पाळीचा माणूस उचलेल.

तपासा: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी फ्रिजमध्ये काय उरतंय ते घरच्यांना विचारा. उरत असेल तर डबे निम्मे करा.

## पायरी ६: भेटीला जाणं

फोन करून जा. संध्याकाळी पाच ते सात, वीस मिनिटं, एका वेळी दोघं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, मास्क लावूनसुद्धा नको. आत गेल्यावर साबणाने हात धुवा. चहाला आधीच नाही म्हणा, आणि "नको नको" असं अर्धवट म्हणू नका, त्याचा अर्थ आपल्याकडे "आणा" असा होतो.

काय बोलू नये याची यादी लांब आहे. "माझ्या मेव्हण्याला अगदी असंच झालं होतं, तो बिचारा..." ही त्यातली सगळ्यात वरची ओळ. "किती वाळलात हो!" ही दुसरी. कोणत्या डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे ऑपरेशन झाल्यावर सांगण्यात काही हशील नाही. रस, काढे, व्हिडिओ पाठवणं नको. "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं की माणसाला भीती वाटत असली तरी ती बोलायची सोय उरत नाही. त्यापेक्षा गप्प बसा, किंवा लिफ्ट परत बिघडली आहे ते सांगा. आजारी माणसाला इमारतीतल्या भानगडी ऐकायला फार आवडतं, याचा मला प्रत्येक वेळी अनुभव आला आहे.

पक्षाघातानंतर बोलणं अडखळत असेल तर वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द सापडेपर्यंत थांबा, एक मिनिट लागलं तरी. आणि त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल "हे आता जेवतात का?" असं बायकोला विचारू नका. ऐकू येतं, कळतं.

थांबा: उठवायला मदत करताना हात धरून ओढू नका. बायपासमध्ये छातीचं हाड कापून जोडलेलं असतं, ते भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात, आणि हाताला ओढ बसली की ताण तिथे जातो. पक्षाघातात दुबळ्या बाजूचा हात ओढला तर खांदा निखळायला येतो. कसं उठवायचं ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा सगळ्यांनी समोर पाहून घ्या.

## पायरी ७: घराबाहेर काढणं

इथे शेजारी जे करू शकतात ते डॉक्टर करू शकत नाहीत. डॉक्टर "रोज चाला" लिहून देतात, आणि काका रोज हॉलपासून बेडरूमपर्यंत चालतात. बाहेर का येत नाहीत? बाथरूम लागेल, दम लागला तर लोक बघतील, कोणी विचारलं तर काय सांगू, असली कारणं असतात, आणि ती सांगितली जात नाहीत.

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे ना, हे कागदावर बघून मग टप्पे पाडा. पहिल्या दिवशी लिफ्टच्या दारापर्यंत. मग खाली गेटजवळच्या खुर्चीवर दहा मिनिटं. मग इमारतीला अर्धी फेरी. आमचे काका चौथ्या आठवड्यात कचराळी तलावापर्यंत रिक्षाने गेले आणि तिथल्या बाकावर बसून परत आले, चालले जेमतेम दोनशे पावलं. पुढच्या आठवड्यात अर्धी फेरी. सोबतीचा माणूस त्यांच्या चालीने चालणारा हवा. माझ्या नवऱ्याला एकदा पाठवलं, तो बोलत बोलत पुढे निघून गेला.

खिशात तीन गोष्टी: नाव, पत्ता आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, चालू औषधांची यादी, पाण्याची छोटी बाटली.

थांबा: छातीत दुखणं, दम, घाम, घेरी आली की तिथेच बसवा आणि १०८ ला फोन करा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं बरळल्यासारखं, यांतलं एकही अचानक दिसलं तर घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं औषध देण्याची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच असते. घरी नेऊन पाणी पाजून बघू, असं करू नका.

## मनाचा आजार असेल तर काय बदलायचं

नैराश्य असो, व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला तरुण असो, इथे आठ माणसांचं वर्तुळ मोठं होतं. दोन किंवा तीनच ठेवा, आणि ती आजारी माणसाने स्वतः निवडलेली असू द्या. कागद फ्रिजवर लावू नका. डब्यापेक्षा नेम महत्त्वाचा: दर मंगळवारी साडेसहाला बेल वाजणार, खाली एक फेरी होणार, बोलायचं नसेल तर न बोलता. तो तीनदा "आज नको" म्हणाला तरी चौथ्या मंगळवारी बेल वाजली पाहिजे.

व्यसनातून सुटणाऱ्याला "एकाने काय होतंय" म्हणणारा शेजारी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. त्याच्याशी आधी बोलून घ्या. गणपतीत आणि ३१ डिसेंबरला सोबतीची पाळी दुप्पट ठेवा.

घरच्यांसाठी वेगळा आधार लागतो. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते, तिथे रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आधारगटांची चौकशी करा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो पाठ करा.

थांबा: कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं तर विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नवीन काही जात नाही. एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात द्या, १४४१६ किंवा थेट रुग्णालय. गुप्तता पाळायचं वचन अशा वेळी देऊ नका.

## पायरी ८: दर रविवारी दहा मिनिटं

दोन टोकांच्या दोन माणसांनी फोनवर तीनच प्रश्न बोलायचे: काय नकोसं झालंय, काय कमी पडलं, कोण थकलंय. तिसरा प्रश्न मदत करणाऱ्यांबद्दलचाही आहे. सहाव्या आठवड्यात कोणीतरी कुरकुरतं, "माझ्याच वाट्याला तपासणीची पाळी का?" त्याला दोन आठवडे रजा द्या. समजावत बसू नका.

पैशाची वर्गणी या कागदात मिसळू नका. काढायची असेल तर हिशोब वेगळा, माणूस वेगळा, आणि कोणी किती दिले हे फक्त त्या एकालाच ठाऊक. पाचशे दिलेला आणि पाच हजार दिलेला एकाच लिफ्टमध्ये असतात.

## पायरी ९: पाळ्या आवरत्या घेणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पाळ्या आपोआप विरतात, आणि घरच्यांना वाटतं लोक कंटाळले. त्यापेक्षा तारीख ठरवा. आठव्या आठवड्यापासून एकेक काम घराकडे परत द्या, आधी दूध, मग डबे. काळजी घेणाऱ्याची सुट्टी सगळ्यात शेवटी काढा.

आणि त्याच सुमारास बऱ्या होणाऱ्या माणसाकडे एक काम मागा. बसल्या जागी होणारं, पण खरं काम. आमच्या काकांनी सोसायटीच्या टँकरच्या बिलांची फाईल तपासली आणि चार महिन्यांचा गोंधळ शोधून काढला. सेक्रेटरी अजून त्यांच्यावर रुसलेला आहे.

शेवटच्या दिवशी वही उघडून बघा: कोणाचा डबा कोणाकडे राहिलाय, औषधांचे उसने पैसे फिटले का, मेडिकल फाईल घरी परत गेली का, आणि घराची जादा चावी ज्याच्याकडे होती त्याच्याकडून ती परत आली का. चावी द्यायला कोणी आठवण करत नाही आणि मागायला घरच्यांना अवघड वाटतं. ती तुम्हीच मागून न्या, त्यांच्या हातात ठेवा, वहीत तारीख टाका.